पाणी चढतंय की उतरतंय? कृष्णाकाठच्या गळवाल्यासाठी वर्षभराचा हिशेब

जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत माणसं एकमेकांची खुशाली विचारायच्या आधी विचारतात, "आयर्विनला किती फूट?" कृष्णेवर १९२९ साली बांधलेल्या त्या आयर्विन पुलाजवळचा पाणीपातळीचा आकडा म्हणजे अख्ख्या शहराची नाडी. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २०१९ साली हाच आकडा ५७ फुटांच्या पुढे गेला होता. पूर ओसरला, गाळ धुऊन झाला की ही चौकशी थांबते. गळ टाकणाऱ्यानं मात्र ती वर्षभर चालू ठेवावी, असं माझं म्हणणं आहे. फक्त प्रश्न थोडा बदलून.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं मी नुसता आकडाच धरून बसायचो. पाणी भरपूर म्हणजे मासा भरपूर, असा सरळ हिशेब. आमच्या घाटावर एक म्हातारे भोई आबा दावण (लांब दोरीला ओळीनं बांधलेले गळ) लावायला यायचे. मी एकदा मोठ्या ऐटीत त्यांना सांगितलं, "आबा, आज बावीस फूट आहे." ते तंबाखू मळत म्हणाले, "फूट ऱ्हाऊ दे रं. चढतंय का उतरतंय, त्ये सांग आदी." त्या दिवशी मला काहीच गावलं नाही आणि आबांनी चार शिंगाळे मासे नेले. पुढे जे काही लिहिलंय, ते बरंचसं त्या एका वाक्यातून निघालंय.

पहिलं काम: पाणी कुणाच्या हातात आहे ते ओळखा

कृष्णा आता नुसत्या पावसावर चालत नाही. वर धरणं, मध्ये बंधारे आणि काठावर उपसा, या तिघांच्या हातात ती आहे. कुठल्या महिन्यात कोण पाणी हलवतंय हे कळलं नाही तर पातळीचा अंदाज चुकतोच.

धरणांत सगळ्यात मोठं कोयना, १०५.२५ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). वारणेचं चांदोली ३४.४० टीएमसीचं. साताऱ्याकडे कृष्णेवर धोम, वेण्णेवर कण्हेर, सज्जनगडाच्या पायथ्याकडे उरमोडी, शिवाय तारळी. पाणी येतं कुठून, तेही डोक्यात ठेवा. वेण्णा माहुलीला, तारळी उंब्रजला, कोयना कराडच्या प्रीतिसंगमावर, येरळा ब्रह्मनाळला आणि वारणा हरिपूरला कृष्णेला मिळते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सांगलीत त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून सांगलीत कडक ऊन असताना नदी चढू शकते. आभाळाकडे बघून नदीवर जाणारा इथंच फसतो.

विसर्गाच्या बातमीतला 'क्युसेक' म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. एक आकडा पाठ करून ठेवा: ११,५७४ क्युसेकनं पूर्ण एक दिवस पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. कोयनेच्या पायथा वीजगृहातून दोन्ही युनिट मिळून २,१०० क्युसेक येतात. म्हणजे दिवसाला टीएमसीचा पाचवा हिस्साही नाही. एवढ्यानं पूर येत नाही, पण फेब्रुवारीत आटलेल्या नदीला ओढ लागते आणि माशाला तेवढं पुरतं. कोयनेचं पाणी सांगलीत पोचायला मी साधारण एक दिवस धरतो, थोडं इकडेतिकडे. आज संध्याकाळी विसर्ग वाढल्याची बातमी आली की उद्या रात्रीपासून आपला काठ बदलणार, असं समजून चालायचं.

बंधाऱ्यांचं गणित वेगळं. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की काढतात. बरगे घातले की नदी नदी राहत नाही, एकापुढं एक तळ्यांची माळ होते. आणि उन्हाळ्यात टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पंप सुरू झाले की वरून पाणी सोडावं लागतं, पंप थांबले की पातळी पुन्हा बसते. आवर्तनाची, म्हणजे शेतीसाठी पाळीनं पाणी सोडण्याची, बातमी शेतकरी जितक्या लक्षानं वाचतो, तितक्याच लक्षानं गळवाल्यानं वाचावी. उसाला पाणी मिळतं त्याच आठवड्यात आपल्यालाही मासा मिळतो.

दुसरं काम: स्वतःची पट्टी लावा

आयर्विनचा आकडा आयर्विनचा. तुमचा काठ भिलवडीला असेल, नाहीतर कराडच्या खाली, तर तिथली खूण तुमची तुम्हीच करायची. घाट असेल तर पायऱ्या मोजा. वरून कितवी पायरी पाण्यात आहे, एवढं वहीत लिहिलं तरी पुरे. घाट नसेल तर बाभळीची खुंटी घ्या, तिच्यावर चार-चार बोटांवर खाचा पाडा आणि शांत पाण्यात काठाशी ठोका. आल्या आल्या एक नजर, निघताना एक नजर. दोन तासांत एक खाच बुडाली तर पाणी चढतंय. खाचेच्या वर ओला पट्टा दिसतोय तर उतरतंय.

खुंटी विसरलात तरी काठ सांगतोच. उतरत्या पाण्याच्या कडेला ओल्या मातीची चकचकीत पट्टी असते आणि तिच्यावर काडीकचऱ्याची रेघ मागे राहिलेली असते. चढत्या पाण्यात कोरडं गवत अर्धं बुडालेलं असतं, त्याच्या मुळाशी फेसाचे बुडबुडे फुटत असतात आणि मुंग्या अंडी घेऊन वर पळत असतात.

रंगही लिहा. मी हात पाण्यात घालतो. मनगटाशीच बोटं दिसेनाशी झाली तर पाणी दाट गढूळ, कोपरापर्यंत हात बुडाला तरी नखं दिसली तर निवळलेलं. या दोन्हींच्या मधलं, चहात जरा जास्त दूध पडल्यासारखं पाणी मला सगळ्यात आवडतं. (मगरीच्या पट्ट्यात हात घालू नका, डबा बांधून पाणी वर ओढा. मगरींचा विषय पुढे येतोच आहे.)

चढ, उतार आणि थांबलेलं पाणी

पाणी हळूहळू चढतं तेव्हा कोरडा काठ बुडतो. गवतातले किडे, नाकतोडे, गांडुळं पाण्यात येतात आणि मासा त्यांच्यामागं काठाला येतो. अशा वेळी मध्यधारेत लांब गळ फेकणारा उपाशी राहतो. काठापासून पाच-सात फुटांवर, नुकत्याच बुडालेल्या गवताच्या कडेला, कमी शिसं लावून गळ सोडायचा. आमिष गांडूळच. दुसरं काही शोधायची गरज नाही.

झपाट्यानं चढणारं पाणी हा वेगळा प्रकार. एका रात्रीत पाच-सहा फूट चढलं तर मासा खाण्यापेक्षा जीव सांभाळायच्या मागं असतो. तो धारेतून निघून वळणाच्या आतल्या अंगाला, पडलेल्या झाडामागं, ओढ्याच्या तोंडात शिरतो. तिथं तो असतो, पण तिथं आपणही नसावं.

उतरणारं पाणी सगळ्यात फसवं. पातळी घसरू लागली की काठाचा मासा आधी खोलात सरकतो, कारण उथळात अडकला तर बगळ्यांचं आयतं जेवण होतो. म्हणून उताराच्या पहिल्या दिवशी कालचा भरलेला काठ रिकामा वाटतो आणि लोक घरी जातात. चूक तिथं होते. उतार सुरू झाला की शेतातलं, ओढ्यातलं पाणी परत नदीकडे निघतं आणि येताना खाऊ घेऊन येतं. ओढा जिथं नदीला मिळतो त्या तोंडाशी, पण ओढ्यात नाही, नदीच्या बाजूला जिथं तळ एकदम खोल होतो त्या कडेवर, शिंगाळे आणि वाम दबा धरून असतात. आबांचे चार शिंगाळे त्या दिवशी असेच आले होते.

आणि उतार थांबून पाणी दोन-तीन दिवस एकाच खाचेवर राहिलं की नदी स्थिरावते. गाळ बसतो, मासा आपापल्या जागा धरतो आणि रोज त्याच वेळी खायला लागतो. सुट्टी टाकायची असेल तर या दिवसांसाठी टाका.

वळीव आणि मिरग

मेच्या शेवटी नदी वर्षातली सगळ्यात थकलेली असते. वळवाचा एखादा जोरदार पाऊस पडला की काठावरची घाण, नाल्यांत साचलेलं काळं पाणी, साखर कारखान्यांची मळीसुद्धा, एकदम नदीत उतरते. पाणी चढतं पण त्यातला प्राणवायू संपतो. दुसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतात, कधी मरून काठाला लागतात. अशा वेळी मासा हातानं उचलता येतो आणि काही लोक पोतं भरून नेतातही. असा मासा घरी नेऊ नका, विकत घेऊ नका आणि कोंबड्यांनाही घालू नका. तो कशानं मेला हे आपल्याला ठाऊक नसतं.

मिरगाचा पाऊस लागला की ओढे वाहायला लागतात आणि चढणीचे मासे सुरू होतात. नदीतला मासा अंडी घालायला वाहत्या पाण्याच्या उलट वर चढतो, ओढ्यांत, नाल्यांत, अगदी शेताच्या बांधापर्यंत. रोहू, मृगळ यांच्यासारख्या माशांना अंडी घालायला वाढतं, वाहतं पाणी लागतंच, साचलेल्या पाण्यात ते आपसूक वीत नाहीत. आमच्या लहानपणी बॅटरी, बुट्टी आणि काठी घेऊन अख्खी गल्ली ओढ्यावर जायची, आणि त्या माशांच्या आमटीची चव अजून जिभेवर आहे, हे मी नाकारत नाही. पण पोटात गाभोळी असलेली एक मादी म्हणजे लाखभर अंडी. गेली काही वर्षं मी मिरगात गळ घरी टांगून ठेवतो. तुम्ही जाणारच असाल तर ओढ्याच्या आरपार जाळं लावून वाट बंद करू नका, आणि पोट फुगलेली मादी आली तर सोडून द्या. ओढ्यात खेकडे भरपूर असतात, त्यांच्यावर भागवा.

तरणा, म्हातारा आणि पूर

तरण्या-म्हाताऱ्या पावसात, म्हणजे पुनर्वसू-पुष्य नक्षत्रांत, घाटमाथ्यावर दिवसरात्र झड असते. धरणं भरत आलेली असतात आणि ऑगस्टात दरवाजे उघडतात. जलाशयात सोडलेल्या कटला-रोहूंतले काही या पाण्याबरोबर खाली नदीत येतात, त्यामुळं पुढचे दोन महिने नदीत मासा वाढलेला असतो. पण आत्ता, पुरात, मुख्य नदीवर जायचं नाही. या मुद्द्यावर मी वाद घालत नाही. पुराच्या पाण्यात अख्खी झाडं, मेलेली जनावरं, तुटलेल्या तारा वाहत येतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं गेली. ती माणसं जीव वाचवायला निघाली होती, आपण हौसेसाठी कशाला जायचं?

सांगलीच्या पुराला फूग असते. खाली पंचगंगेचं पाणी आलेलं, इकडे हरिपूरला वारणा जोरात, त्यामुळं कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही आणि मागं मळ्यांत, ओढ्यांत तुंबतं. या फुगीच्या संथ पाण्याच्या कडेला, नदीपासून लांब, डांबरी रस्त्यावर उभं राहून लोक गळ टाकतात आणि मरळ-चिलापी काढतात. पाणी आयर्विनला चाळीस फुटांच्या आत असेल, उतरायला लागलं असेल, उजेड असेल आणि पायाखाली पक्की जमीन असेल तर हे मला चालतं. काहिल घेऊन आत जाणं अजिबात चालत नाही. गुळाची काहिल ही बोट नाही, एका बाजूला वजन गेलं की ती भोवऱ्यासारखी फिरते. शिवाय पुरात मगरी धार टाळून याच संथ पाण्यात, शेतांत येतात.

खरा हंगाम: उत्तरा ते स्वाती

सप्टेंबरच्या मध्यापासून दिवाळीपर्यंतचे पाच-सहा आठवडे. वर्षाचा निम्मा मासा मला या दिवसांत मिळतो, म्हणून इथं जरा सावकाश सांगतो.

पूर उतरलेला असतो, धरणातून थोडं पाणी चालू असतं, बरगे अजून घातलेले नसतात. नदी वाहती आहे, पण माणसाच्या मापाची. जुलैचा लाल गढूळपणा जाऊन हिरवट छटा आलेली असते. मासा अंडी घालून रिकामा झालाय, भुकेला आहे, थंडीआधी चरबी चढवायला खातोय.

पहिल्यांदा काठ नव्यानं बघून घ्या. पुरानं तळ बदललेला असतो. गेल्या वर्षीचा डोह गाळानं भरलेला असतो आणि जिथं वाळू होती तिथं खड्डा पडलेला असतो. गळाशिवाय नुसतं जड शिसं तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, बांधून फेका आणि हळूहळू ओढा. शिसं खरखरत आलं तर खडी, रुतत आलं तर गाळ, ठकठक करत अडकलं तर खडक. एकदम सैल पडलं तर तिथं खोली सुरू होते. खडी जिथं संपते आणि खोली सुरू होते, ती रेघ सापडली की दिवसाचं निम्मं काम झालं.

दुसरं, आमिष आधी टाकून ठेवा. शेंगदाण्याची पेंड रात्री भिजवायची, सकाळी त्यात भाताचा कोंडा आणि थोडी कणीक मळायची आणि लिंबाएवढे घट्ट गोळे करून त्या रेघेवर आठ-दहा टाकायचे. धार असेल तर गोळा वाहत खाली जातो, म्हणून बसायच्या जागेच्या थोडं वर टाकायचे. मग तास-दीड तास गप्प बसायचं. रोहू-मृगळ तळाशी खातात, त्यांच्यासाठी आमिष तळालाच टेकलेलं हवं. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो तळाला क्वचितच तोंड लावतो. त्याच्यासाठी तरंगणारं बूच लावून गळ पाण्याच्या मधोमध ठेवा. एकाच डोहात दोघं बसलेत, एकाला धडाधड मासा येतोय आणि दुसऱ्याला नाही, याचं कारण बरेचदा फक्त या चार फुटांच्या फरकात असतं.

तिसरं, परतीच्या पावसाकडे लक्ष. हस्ताचा पाऊस घाटमाथ्यावर नाही, तर खटाव-माण-कडेगावच्या दुष्काळी पट्ट्यात धो धो पडतो आणि एरवी कोरडी असणारी येरळा दुथडी होते. धरणातून येणारं कृष्णेचं पाणी गाळ मागं टाकून आलेलं, म्हणून स्वच्छ असतं. येरळेचं पाणी काळ्या रानातलं, दाट चिखलाचं. ब्रह्मनाळच्या खाली ही दोन पाणी बराच वेळ शेजारी शेजारी वाहतात, मधली रेघ डोळ्यांना दिसते. मासा स्वच्छ बाजूला राहून गढूळ बाजूचा खाऊ टिपत असतो. गळ रेघेच्या स्वच्छ बाजूला, अगदी कडेला. ओढ्याचं लहानसं तोंड असेल तिथंही हीच युक्ती चालते.

पाणी गढूळ असेल तोवर वासावर चालणारे मासे, शिंगाळा आणि वाम, गांडुळाला किंवा कोंबडीच्या आतड्याला घेतात, तेही अंधार पडता पडता. पाणी निवळलं की डोळ्यांवर शिकार करणारी मरळ जागी होते. ती गवत-पाणवेलीच्या कडेला असते, तिला जिवंत हालचाल लागते. छोटी चिंगळी पाठीत गळ अडकवून सोडा. आणि पाण्यात लालसर पिल्लांचा झुबका वर येऊन फुटताना दिसला तर खाली त्यांची आई राखण करत असते. तिला धरणं सोपं आहे, म्हणूनच धरू नये. ती गेली की पिल्लं तासाभरात दुसऱ्यांच्या पोटात जातात.

बरगे घातल्यावर

बरगे पडले की आठवड्याभरात सगळं उलटतं. बंधाऱ्याच्या वर पाणी तुंबून खोल, संथ होतं, खाली नदी उघडी पडते. वाहत्या पाण्यात बसायची सवय झालेला गळवाला या दिवसांत हमखास गोंधळतो.

वरच्या बाजूला आता तळ्याचे नियम लागू. शिसं कमी, तंगूस बारीक, थांबायची तयारी जास्त. चिलापी आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) इथं राजे. मऊ कणीक, उकडलेला मका. खालच्या बाजूला जे दोन-चार डोह उरतात त्यांत आजूबाजूचा सगळा मासा गोळा झालेला असतो. हे कळतं म्हणून तिथं जाळीवाल्यांची झुंबड उडते. गळवाल्यानं पहाटे लवकर जाऊन उजाडता उजाडता आवरतं घ्यावं.

बंधाऱ्याच्या अगदी पायथ्याशी, फटींतून पाणी उडतं तिथं, प्राणवायू भरपूर असल्यामुळं मासा असतोच. मीही बसायचो. एका फेब्रुवारीत नदीच्या मधल्या खडकावर जाऊन बसलो होतो, घोट्याएवढ्या पाण्यातून चालत गेलेलो. वर कुणीतरी चार बरगे काढले की आणखी कुठून पाणी आलं, कळलं नाही. अर्ध्या तासात घोट्याचं पाणी मांडीला लागलं. डबा, पिशवी आणि एक चप्पल नदीला देऊन परत आलो. तेव्हापासून नियम एकच: बंधाऱ्याखाली काठ सोडून आत जायचं नाही, पाणी कितीही उथळ असो.

थंडी

डिसेंबर-जानेवारीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गार पाण्यात मासा कमी खातो. पहाटे जाऊन कुडकुडण्यात अर्थ नाही, अकरानंतर जा. ऊन पडणारा, वाऱ्यापासून आडोसा असलेला उथळ काठ पकडा आणि आमिष निम्मं करा. जानेवारीच्या शेवटापासून सायप्रिनस पाणवनस्पतींत अंडी घालायला काठाला येतो, तेव्हा जरा हालचाल दिसते. त्याच उन्हाला मगरीही काठावर पडलेल्या असतात.

उन्हाळा: आवर्तनावर डोळा

मार्च ते मे नदीची पातळी करवतीसारखी वरखाली होते. पाणी सोडलं की चढते, उपसा वाढला की बसते. या चढ-उतारात मासा कधी खातो याचं उत्तर प्राणवायूत आहे. २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरमागं साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशाच्या पाण्यात साडेसातच्या आसपास. त्यात शेवाळानं भरलेलं थांबलेलं पाणी असेल तर रात्रभर शेवाळच प्राणवायू ओढतं आणि पहाट सगळ्यात वाईट असते. म्हणून तुंबलेल्या हिरव्या पाण्यावर अगदी पहाटे जाण्याचा आपला जुना नियम उन्हाळ्यात उपयोगाचा नाही. ऊन जरा वर आल्यावर, आठ-साडेआठला, मासा हलायला लागतो. जिथं पाणी वाहतंय तिथं मात्र पहाटच बरी.

आवर्तन सुरू होऊन ताजं पाणी आलं की पहिले दोन दिवस सोनं समजा. धारेच्या तोंडाशी, डोहात पाणी शिरतं तिथं बसा. आवर्तन बंद होऊन पातळी रोज खाचेनं उतरायला लागली की सरळ खोल डोह गाठा, किंवा घरीच थांबून गळांना धार लावा.

उथळ वाळूत ताटाएवढे गोल खळगे दिसले तर ती चिलापीची घरटी. पातळी उतरून ती उघडी पडली तर चिलापी लगतच्या दोन-तीन फूट पाण्यात नवी करते. तिथं बारीक गळ टाकला की पिशवी भरते. चिलापी बाहेरून आलेली, बारा महिने विणारी, हवी तेवढी न्या.

आणि पाण्याला कुबट वास येत असेल, रंग तांबडा-काळा झाला असेल, मासे पृष्ठभागावर घुटमळत असतील तर गळ गुंडाळा. असा मासा आमिष घेत नाही, आणि घेतला तरी खायच्या कामाचा नाही.

कराडच्या वर वेगळी नदी

सातारा जिल्ह्यात, वाई-मेणवलीपासून माहुलीपर्यंत, कृष्णा अरुंद, खडकाळ आणि निवळ असते. तिथं सांगलीचा जाड तंगूस आणि पेंडीचे गोळे चालत नाहीत. पाणी स्वच्छ म्हणजे मासा आपल्याला बघतो. काठावर उभं राहू नका, बसा, सावली पाण्यात पडू देऊ नका. धोममधून पाणी सुटलं की इथं पातळी काही तासांतच बदलते, सांगलीसारखी दिवसाची सवलत मिळत नाही. दगडावर बसलात की मागची परतीची वाट कोरडी राहील ना, हे आधी बघा. खळखळत्या पाण्यात क्वचित महाशीर लागतो. गार, स्वच्छ, वाहत्या पाण्याचा हा मासा कमी होत चाललाय. ओल्या हातानं गळ काढा आणि तोंड धारेकडे करून सोडा.

उन्हाळ्यात प्रीतिसंगमावर उभं राहिलं तर कोयनेकडचं पाणी जास्त आणि गार लागतं, कारण ते धरणाच्या खोलातून आलेलं असतं. मे महिन्यात गरम कृष्णेतला मासा या गार धारेच्या कडेला येतो. संगमाच्या थोडं वर, कृष्णेवर खोडशीला ब्रिटिशांच्या काळातला बंधारा आहे, पाण्याची उंची तिथं वर्षभर फार बदलत नाही. नवख्या माणसानं शिकायला तो पट्टा बरा.

मगर आणि कायदा

भिलवडी, औदुंबर, अंकलखोप, ब्रह्मनाळ, कसबे डिग्रज हा मगरींचा पट्टा. मगर ही इथली जुनी रहिवासी, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित. वळून आपणच चालायचं. पाण्याच्या कडेपासून आठ-दहा फूट मागं आणि जमलं तर उंचावर बसा. धरलेला मासा पिशवीत घालून पाण्यात बुडवून ठेवू नका, ती मगरीला आमंत्रणाची चिठ्ठी आहे. काठावर वाकून मासा साफ करू नका, आतडी पाण्यात टाकू नका. अडकलेला गळ सोडवायला पाण्यात उतरू नका, गळ दहा रुपयांचा असतो. फेब्रुवारी-मार्चपासून ती काठाच्या मऊ मातीत अंडी घालते आणि मे-जूनच्या सुमारास पिल्लं निघेपर्यंत मादी जवळपास राखण करते. ताजी उकरलेली माती, शेपटी ओढल्याचा माग दिसला तर जागा बदला. पाणी उतरतं तसे डोह कमी होतात आणि मासा, मगर, माणूस तिघंही त्याच डोहावर येतात, म्हणून उन्हाळ्यात जास्त जपायचं.

सुरुंग आणि विष घालून मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. विजेची तार टाकून मारणारे तर स्वतःच मरतात. तलाव-जलाशय मच्छीमार संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात, तिथं त्यांना विचारल्याशिवाय गळ टाकू नका. त्यांनी पैसे भरून बी सोडलेलं असतं. कोयना आणि चांदोलीचं जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तिकडे गळ घेऊन जायचंच नाही.

उद्या जायचं की नाही: एक नमुना

समजा सप्टेंबरचा शेवटचा शुक्रवार आहे. आयर्विनचे तीन दिवसांचे आकडे वहीत आहेत: बुधवारी २१ फूट, गुरुवारी १८, आज १७. उतार आहे पण मंदावलाय. कोयनेतून फक्त पायथा वीजगृहाचं पाणी चालू, वारणेचे दरवाजे बंद, म्हणजे वरून नवं काही येत नाही. खटावकडे काल पाऊस झाल्याची बातमी, म्हणजे येरळा गढूळ येणार. उद्या सांगलीत पाणी जवळपास थांबलेलं आणि ब्रह्मनाळखाली दोन रंगांचं असेल.

मी पेंड आज रात्रीच भिजत घालतो. सकाळी सहाला निघून, काठावरून दोन रंगांची रेघ शोधून, दहा फूट मागं खुर्ची टाकतो. एक गळ रेघेवर गांडुळाचा, एक बुचाला कटल्यासाठी. खुंटी ठोकतो. नऊपर्यंत खाच तशीच राहिली तर दुपारपर्यंत थांबतो. एक खाच जरी बुडाली तरी आधी बॅग मागं नेतो, मग आमिष काठाजवळ टाकतो. दोन खाचा बुडाल्या, तर गुंडाळून येतानाच बाजारातून पावशेर झिंगे घेतो, घरी कालवणाचं पाणी चुलीवर चढलेलं असतं.